टॅबच्या तासाला तू कुठं थांबायचं

पोरी,

तुझा मेसेज वाचला. टॅब आले, लेकरं खूश, आणि ते ॲप आपलं आपणच शिकवतंय तर त्या तासाला मी रजिस्टरं पूर्ण करू का म्हणून विचारलंस. नको करू.

ते ॲप करतं काय, उत्तर बरोबर आलं की अवघड देतं, चुकलं की सोप्यावर उतरतं. पण उत्तर आलं कसं, हे त्याला कुठं दिसतंय? ५०२ वजा १७८ दे, एखादं लेकरू ४७६ लिहितं. कामून? तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं, वरचा कोणता खालचा कोणता बघितलंच नाही. ॲप म्हणतं चूक, घे सोपं, ५८ वजा २३. तिथं हातच्याचं कामच नाही, त्याच चुकीच्या रीतीनं ३५ बरोबर येतं, हिरवी टिक पडते, लेकरू परत वर चढतं अन् परत आपटतं, असा तास निघून जातो. म्हणून मांडणी वहीत, फक्त उत्तर टॅबवर. तू खुर्ची सोडून त्यांच्या पाठीमागं फिर, टॅब कमी बघ अन् वही जास्त. असं लेकरू सापडलं की टॅब बंद, काड्या काढ अन् शंभराचा गठ्ठा त्याला स्वतःला सोडू दे.

हिंट दाबत दाबत उत्तरापर्यंत जाणारे असतातच. रागावू नको, बऱ्याचदा गणित झेपतच नसतं. आधी वहीत काहीतरी लिही, मग हिंट, एवढं पुरे.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या अशाच शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास २०१९ ला छापून आला, साडेचार महिन्यांत गणितात चांगलाच फरक पडला, हे ट्रेनिंगमधी सगळे सांगतात. पण ९० मिनिटांतली ४५ मिनिटं तिथं माणूस छोट्या गटाला शिकवत होता, हे सांगायचं बरं विसरतात.

अन् ऊसतोडीला गेलेली लेकरं मार्च-एप्रिलात परत आली की जुन्या लेव्हलवर बसवू नको. ॲपला वाटतं ते दिवाळीत होतं तिथंच आहे. सुरुवातीची चाचणी परत घेता येत असेल तर घे, नाहीतर फळ्यावर चार-पाच गणितं दे. बहिणीच्या लॉगिनवर भाऊ खेळतोय का तेही बघत जा, लई होतं ते.

आता मला दोन-चार वह्यांचे फोटो पाठव. चुकलेल्या पानांचे, बरोबरचे नको.

तुझे सर