आधी लपायला ये, कुत्र्याचं नंतर बघू

तुझा व्हॉइस मेसेज ठाण्याला लावला तो दादर आलं तरी संपेना. ढिगाऱ्याखालची माणसं शोधायला मॅलिनॉइज घेऊ का लॅब्रडॉर, पिल्लू घेऊ का ट्रेन केलेला, नोकरी सोडून एनडीआरएफमध्ये जाऊ का, का घरचे म्हणतात तसं एमबीएचं बघू. आणि शेवटी, "काकू, मी सिरीयस आहे हो." सिरीयस वाटलास म्हणून तर लिहितेय, नाहीतर अंगठा पाठवून मोकळी झाले असते.

एनडीआरएफचं आधी उरकते. तिथं थेट भरती नसते, सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी अशा दलांतून माणसं डेप्युटेशनवर येतात. ते आयुष्य हवं असेल तर खुशाल जा, पण नुसत्या कुत्र्यासाठी जाऊ नको, तिथं गेल्यावर हातात कुत्राच देतील असं कोणी लिहून देत नाही. आणि त्या झंजीरचं उदाहरण बास आता. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा मुंबई पोलिसांचा झंजीर स्फोटकं शोधायचा, ग्रेटच होता, पण ढिगाऱ्याखालचा जिवंत माणूस शोधायचं ट्रेनिंग वेगळं.

आता मुद्द्याचं. कुत्रा घेऊ नको. आधी लपायला ये.

हसू नको. तू एनडीआरएफच्या ज्युली कुत्रीचा व्हिडिओ बघून पेटलायस ना, फेब्रुवारी २०२३, तुर्कस्तानचा भूकंप, सहा वर्षांची मुलगी सापडली तो. ज्युली भुंकली, मग खात्रीसाठी दुसऱ्या कुत्र्याला, रोमिओला सोडलं, तोही त्याच जागी भुंकला, मग खणायला घेतलं. सगळ्यांनी कुत्र्यांचे फोटो शेअर केले, हँडलरचंही, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याचंही, थोडंफार कौतुक झालं. पण असे कुत्रे भुंकायला शिकतात कसे? कोणीतरी किती काळ खड्ड्यात, पाइपात, स्लॅबखाली पडून राहिलेलं असतं म्हणून. त्या लोकांचे फोटो नसतात. मी त्या जातीतली आहे.

आमच्या ग्रुपमध्ये कुत्र्यांचं ट्रेनिंग कसं चालतं सांगते. मुलुंडला रिडेव्हलपमेंटसाठी पाडलेल्या एका बिल्डिंगचा मलबा पडलाय, मालकाची परवानगी आहे, सकाळी उन्हं चढायच्या आत जातो. मी आडव्या टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात शिरते, तोंडाशी प्लायवूड, वर दोनचार गोणपाटं, आणि मग वाट बघायची. लगेच कुत्रा सोडायचा नाही, कारण अंगाचा वास फटीफटीतून बाहेर यायला वेळ लागतो, आणि तो माझ्या डोक्यावरच निघेल असं नाही, वारा असेल तसा भलत्याच कोपऱ्यातून निघतो. आत सिमेंटची धूळ, पाठीखाली खडी, पोटाशी चिंध्यांचा टग, कुत्र्याचं ओढाओढीचं खेळणं. मग पत्र्यावर नखं वाजतात, फटीला नाक लागतं, फुसफुस ऐकू येते, आणि पहिली भुंक. इथंच सगळं असतं. पहिल्या भुंकीला कौतुकानं टग दिलास तर तो कुत्रा आयुष्यभर एकदा भुंकून खेळणं मागेल, आणि खऱ्या जागी, जेसीबी चालू, लोक ओरडतायत, तिथं एक भुंक कोणाला ऐकू जाणार? लांबवायचं, हळूहळू, रोज थोडं जास्त, आणि तो वैतागून सोडून जायच्या आधल्या क्षणाला हात बाहेर काढायचा. तो क्षण लपणाऱ्यालाच कळतो. हँडलर बाहेर उभा असतो, कुत्र्याची शेपटी बघत. बक्षीस ढिगाऱ्यातून येतं, म्हणून कुत्र्याला ढिगारा आवडतो. कळलं का मी काय म्हणतेय? कुत्र्याला घडवतो तो लपणारा.

शिवाय रोज तीच तीच माणसं लपली तर कुत्रा माणूस शोधायचं सोडून त्या काकूंना शोधायला लागतो. म्हणून नवीन लोक लागतात, म्हातारे लागतात, लहान मुलं लागतात, खोबरेल तेलवाले, विडीवाले, घाबरून घाम फुटलेले. नुसते वापरलेले कपडे पुरून ठेवायचे, वडापावचे कागद टाकायचे, उंदीर तर फुकटच मिळतात, आणि यातल्या कशावरही न भुंकता तो पुढे गेला पाहिजे. आणि कोण कुठं लपलंय हे हँडलरला कळता कामा नये. २०११चा एक अमेरिकन अभ्यास आहे, अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवरचा. जागेवर काहीच ठेवलं नव्हतं, फक्त हँडलरना सांगितलं होतं की लाल कागद दिसेल तिथं माल आहे, आणि त्या कागदांपाशीच "सापडलं, सापडलं" जास्त झालं. हँडलरच्या मनातलं कुत्रा वाचतो. म्हणून तुझ्यासारख्या उतावळ्याच्या हातात पट्टा द्यायची मला भीती वाटते, रागावू नको. (पट्टासुद्धा म्हणायला. मलब्यात कुत्र्याच्या गळ्यात काही ठेवत नाहीत, सळईत अडकला तर संपलं. तू त्याच्यासाठी कॅमेरावालं जॅकेट बघून ठेवलंयस.)

ग्रुपमधली पोरं मला बीळवाल्या काकू म्हणतात. एक जण तोंडावर म्हणाला, तुम्हाला कुत्रा पाळायला मिळाला नाही म्हणून तुम्ही लपण्याचे गोडवे गाता. असेल. परळच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण, सासूबाईंना दमा, कुत्रा कुठं ठेवणार होते? पुढे फ्लॅट झाला तोवर बँकेची नोकरी, मुलांची दहावी-बारावी, आणि आता गुडघे. खंत आहे, नाही कशाला म्हणू. पण म्हणून मी सांगते ते खोटं होत नाही! वन बीएचकेत मॅलिनॉइज कोंडून, दिवसभर ऑफिसला जाऊन, रविवारी ढिगाऱ्यावर नेऊन फोटो टाकणारे मी पाहिलेत, आणि त्यांचे सोडून दिलेले कुत्रे कुठं जातात तेही पाहिलंय. त्यांच्यापेक्षा माझं पाइपात पडून राहणं जास्त कामाचं आहे, हे मी कुणालाही ऐकवीन.

आणि एक. कुत्रा म्हणजे जादू नाही. इर्शाळवाडी आठवते ना, १९ जुलै २०२३ची रात्र, दरड कोसळली ती. वर गाडी जात नाही, मशीन जात नाही, सगळं पायी चढून. शेवटी शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. ओल्या चिखलाचा थर घट्ट बसला की वास बाहेर येतच नाही, मग कितीही हुशार नाक आणा. हे पचवता येणार असेल तरच यात पड. आणि खऱ्या दुर्घटनेच्या जागी आपण आपणहून जायचं नसतं, ते काम फायर ब्रिगेडचं, एनडीआरएफचं. बोलावलं तर जायचं, नाहीतर रस्ता मोकळा ठेवायचा. आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी ट्रेनिंग तुमच्या जिल्ह्यात कधी आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या ऑफिसात जाऊन विचार, फोनवर टोलवतात.

एमबीएचं काय ते तू आणि तुझे बाबा बघा. त्यांना सांग काकू कुत्रा घेऊ नको म्हणाल्या, बरं वाटेल त्यांना.

या रविवारी पहाटे साडेपाचला मुलुंड स्टेशन, पश्चिमेला, तिकीट खिडकीपाशी. फुल पँट, जाड बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. पायाला जखम असेल तर येऊ नको, पावसाचं पाणी साचलंय आणि लेप्टो काही कुत्र्यांनाच होतो असं नाही. मोबाइल बाहेर ठेवावा लागेल. आणि येताना तुझ्या आजीला विचार येतात का, लपायला आम्हाला म्हातारं माणूस कमी पडतंय.