‘नाताळ’ कुणाकुणाचा?

प्रश्न असा आहे: जगभरातल्या हिवाळी सणांवर आणि त्यांतल्या खाण्यापिण्यावर लिहायचं असेल, तर सगळ्यांनाच ‘नाताळ’ म्हटलेलं चालेल का? इराणच्या यल्दालासुद्धा? आणि ‘नाताळ’ हा ‘ख्रिसमस’चाच अपभ्रंश का?

आधी शेवटची शंका. अपभ्रंश मुळीच नाही, दोन्ही शब्दांची घराणीच वेगळी. ‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा, चर्चमधली उपासना. ‘नाताळ’ मात्र पाव आणि चावीप्रमाणे पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा ‘नाताल’ लॅटिन ‘नातालिस’वरून, म्हणजे जन्माचा, जन्मदिवसाचा. गुजरातीत ‘नाताल’च राहिला, आपण त्याचा ळ केला. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. त्याचं जुनं रूप ‘ग्नातुस’. संस्कृतातल्या ‘जात’चं मूळही तेच. म्हणजे ‘नवजात’मधला ‘जात’ आणि ‘नाताळ’मधला ‘नात’ हे चुलतभाऊ आहेत! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

हा शब्द नकाशावरही आहे. १४९७च्या डिसेंबरात वास्को द गामाने आफ्रिकेच्या एका किनाऱ्याला नाताल हे नाव दिलं, कारण दिवस नाताळचे होते. ब्राझीलमधलं नाताल शहर वसवलं गेलं तेही २५ डिसेंबर १५९९ रोजी.

इटालियन ‘नाताले’, फ्रेंच ‘नोएल’ ही याचीच भावंडं. फ्रान्समध्ये या दिवसांत ‘बूश द नोएल’ नावाचा केक असतो. बूश म्हणजे ओंडका. पूर्वी सणाच्या रात्री चुलाण्यात मोठा ओंडका जाळायचे, त्याची ही गोड आठवण. केकची गुंडाळी करून तिच्यावर चॉकलेटचं क्रीम थापतात आणि त्यावर काट्याने लांब रेघा ओढतात. सालीच्या भेगा हुबेहूब दिसतात. एक टोक तिरपं कापून वर फांदीच्या खुंटासारखं बसवतात. याला मी ‘नाताळचा ओंडका’ म्हणेन. ‘नाताळ केक’ म्हटलं की सगळी गंमतच जाते.

उत्तरेकडे शब्द बदलतो. स्वीडन-नॉर्वेत सण तोच, पण नाव ‘यूल’. हे नाव तिथे ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीपासूनचं, मधल्या हिवाळ्यातल्या जुन्या उत्सवाचं. आजच्या सणाबद्दल लिहिताना ‘नाताळ’ लिहायला हरकत नाही. त्या जुन्या उत्सवाला मात्र ‘यूल’च म्हणावं.

आता यल्दा. वर्षातल्या सर्वांत लांब रात्री इराणी कुटुंबं जागतात, डाळिंबं सोलतात, कलिंगड कापतात, हाफिजच्या कविता वाचतात. ‘यल्दा’ हा मूळचा सिरियाक, म्हणजे अरबीच्या नात्यातल्या एका जुन्या भाषेतला शब्द आणि त्याचा अर्थ? जन्म! अरबी ‘मिलाद’, आपली ‘औलाद’, जुन्या कागदपत्रांतला ‘वल्द’ ही सगळी त्याच कुळातली. म्हणजे अर्थाने यल्दा आणि नाताळ अगदी एक.

तरीही यल्दाला नाताळ म्हणू नये. मराठीत ‘नाताळ’ म्हटलं की येशूचाच जन्म डोळ्यांसमोर येतो आणि यल्दाची रात्र त्याची नाही. सगळ्या सणांना मिळून एकच शब्द हवा असेल, तर ‘हिवाळी सण’ पुरेसा आहे. आणि ‘इराणी नाताळ’ असं कुठे लिहिलं गेलं असेल, तर ते खोडून सरळ ‘यल्दाची रात्र’ लिहावं.