ग्रॅफाइटच्या टेनिस रॅकेटचा रंग काढण्यासाठी पेंट रिमूव्हर वापरावा का?

आपण विचारले आहे की, जुन्या ग्रॅफाइट रॅकेटचा टवके उडालेला रंग नागपुरात घरच्या घरी काढायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर चालेल का, आणि नंतर कोणता रंग द्यावा. रिमूव्हर चालणार नाही. दुकानदार ‘काही होत नाही’ असे सांगेल, कारण त्याच्याकडे फाटके आणि ग्रिल रंगवणारे लोक येतात आणि लोखंडाला खरोखरच काही होत नाही. रॅकेट मात्र कार्बनचे धागे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून केलेली असते, आणि जे रसायन रंगाला फुगवून सोडवते ते त्या रेझिनलाही मऊ करते. हीट गनसुद्धा नको.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण म्हणजे आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्याकडे आणि माझ्या थोरल्या बंधूंकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन रॅकेटी होत्या. दादांनी इतवारीतून रिमूव्हरचा डबा आणला, ब्रशने लावला आणि मी पॉलिश पेपरने पहिली बाजू घासत असतानाच त्यांची अख्खी फ्रेम काळीभोर करून दाखवली; ‘तू बस संक्रांतीपर्यंत घासत’ हे वाक्य तेव्हाचे. त्या फ्रेमवर गटच्या, म्हणजे जाळीच्या तारांच्या, छिद्रांभोवती नखाने दाबले तर ठसा उमटत होता. मी तो त्यांना दाखवला, तेव्हा ‘वाळेल’ एवढेच उत्तर मिळाले. रंग मात्र त्यांनी माझ्याहून देखणा दिला, हे मान्य केले पाहिजे.

पुढे दोन्ही रॅकेटी सीताबर्डीवर एकाच गटिंगवाल्याकडे, एकाच संध्याकाळी, ५५ पौंडांच्या ताणावर गेल्या. आधी माझी झाली. दादांच्या रॅकेटच्या उभ्या तारा ओढून झाल्या, आडव्यांना सुरुवात झाली आणि हेड वरच्या डाव्या बाजूला चिरले. दादांच्या मते मशीनने ताण जास्त ओढला, आणि त्या गृहस्थांकडे ते आजही जात नाहीत. हिशेब मात्र साधा आहे. १६ उभ्या तारा, प्रत्येकी ५५ पौंड, म्हणजे कागदावर ८८० पौंड, सुमारे ४०० किलो. आडव्या तारा तोल सांभाळायला येईपर्यंत हा भार हेडला एकाच दिशेने दाबत असतो. धडधाकट फ्रेम तो सोसते, छिद्रांभोवती मऊ पडलेली फ्रेम सोसत नाही. दोष मशीनचा असता तर तासाभरापूर्वी त्याच मशीनवर चढलेली माझी रॅकेट शाबूत कशी राहिली, या प्रश्नाला दादांकडे उत्तर नाही.

आता आपल्या कामाकडे वळतो. त्या मॉडेलच्या ग्रॉमेटचा, म्हणजे तारांच्या छिद्रांत बसवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांचा, नवा संच मिळत नसेल तर काम सुरूच करू नका, कारण जुने ग्रॉमेट काढताना हमखास तुटतात. छिद्रांवर मास्किंग टेप लावा, कारण फ्रेम आतून पोकळ असते आणि शिरलेले पाणी सहज निघत नाही. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) २२० नंबरपासून पुढे ४०० आणि ६०० असा घ्या, आणि कापडाने पुसताना निघणाऱ्या गाळाकडे लक्ष ठेवा: आधी तो रंगाचा असतो, मग प्राइमरचा राखाडी होतो, आणि शाईसारखा काळा होऊ लागला की तिथे हात थांबवा, कारण त्यापुढे आपण धागे कापत असता. मध्ये बारीक खड्ड्यांत भरलेली पुट्टी दिसेल. ती कारखान्यातलीच असते, ती उकरू नका. कोरडे घासायचे असेल तर मास्क हवाच, कारण कार्बनची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रिलचा ऑइल पेंट नको, तो बरेच दिवस मऊ राहतो. प्राइमरवर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे पातळ हात पुरेत, आणि वरचे क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, एखाद्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्यावे. जाड हात देऊ नका, कारण टोकाशी चढलेला ग्रॅम मुठीशी चढलेल्या ग्रॅमपेक्षा फिरवताना कितीतरी जास्त जाणवतो; घासण्याआधी आणि रंगानंतर रॅकेट काट्यावर ठेवून पाहावी. मे महिन्यात, ४५ अंशांत, स्प्रेचे थेंब हवेतच सुकून भुकटीसारखे बसतात, आणि पावसाळ्यात लॅकरवर दुधी झाक येते, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावे.

दोन गोष्टी राहिल्या. रॅकेट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक नसलेला रिमूव्हर चालतो. लाकडाची असेल तर पाणी अजिबात लावू नका, ती वाकते. दादांच्या फ्रेममध्ये आधीचीच एखादी चीर असणे अशक्य नाही, हेही न्यायाने नमूद करतो, पण तेवढ्यानेही मशीन दोषी ठरत नाही. आपण रिमूव्हर आधीच लावून बसला असाल तर गटिंगवाल्याला तसे स्पष्ट सांगा आणि ताण कमी ठेवायला सांगा. तरीही फ्रेम गेली तर त्याची मजुरी अडवू नका.