इस्तंबूलला आईबाबांना घेऊन जाताना तिथल्या कोणत्या चालीरीती लक्षात ठेवाव्यात?

सगळ्यात आधी मशिदींचं सांगतो, कारण चुका तिथेच होतात. निळी मशीद आणि सुलेमानिये बघायला तिकीट लागत नाही, पण तिथे रोज नमाज होतो. नमाजाच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबवतात. शुक्रवारी तर दुपारचा मोठा नमाज आटोपल्यावरच जा. आईंच्या पर्समध्ये एक मोठी ओढणी असू द्या, डोकं झाकावं लागतं. बाबांना हाफ पँट नको. चपला गालिच्याच्या आधीच काढायच्या, त्यामुळे सोबत एक पिशवी ठेवा. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका आणि कृपा करून त्याचे फोटो काढू नका. आया सोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे, तिथेही कपड्यांचे हेच नियम; फक्त तिथे २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट लागतं.

दुकानदार छोट्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा पुढे करतो. तो जरूर घ्या, त्याने खरेदीचं बंधन येत नाही. कुणी भुवया उंचावून ‘च्यक’ केलं तर रागावू नका, ते साधं ‘नाही’ आहे. आपण मराठी माणसंही तसंच करतो की!

कुणी घरी बोलावलं तर चपला दाराशी काढा, घरात घालायच्या सपाता ते देतील. मिठाई न्या. पाव तिथे आपल्या अन्नपूर्णेच्या मानाचा, जमिनीवर पडलेला तुकडाही उचलून उंचावर ठेवतात. जेवण झाल्यावर रांधणाऱ्या बाईंना ‘एलिनिझे साऽलक’ म्हणा, म्हणजे ‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो’. आईंना हे वाक्य आधीच शिकवून ठेवा.