जुना मुंबई-पुणे हायवे नेमका किती जुना आहे? एक्सप्रेस-वे झाल्यावर त्याचं काय झालं?

‘जुना’ म्हणजे कुठला, हे आधी ठरवायला हवं. मी खोपोलीत वाढलो, घर हायवेला लागून. आमच्याकडे २००२ पर्यंतचा एनएच-४ हा ‘जुना’, पण त्याच्या आधीही दोनदा तरी हा रस्ता जुना होऊन गेलाय.

खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या बोरघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे. कार्ल्याची लेणी, राजमाची, लोहगड हे सगळं या वाटेच्या आजूबाजूलाच आहे. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. घाट चढायच्या आधी दम खायला याहून चांगली जागा नाही. १७७८ च्या अखेरीस पुण्यावर निघालेली इंग्रजांची फौज याच घाटाने वर गेली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला तह करून, हात हलवत परतली.

चाकाच्या गाडीला नीट चढता येईल असा रस्ता मात्र १८३० चा. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, नोव्हेंबरमध्ये तो खुला झाला.

पुढे रेल्वे आली आणि रस्ता मागे पडला, असं बहुतेक जण सांगतात. पण मधली पाच वर्षं उलटंच होतं. १८५६ मध्ये आगगाडी मुंबईहून खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधल्या घाटात रूळच नव्हते! लोक खोपोलीला उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. १८६३ मध्ये घाटातली लाइन सुरू झाली आणि खोपोली फाट्यावर पडली. आज कर्जतहून येणारी आमची लोकल त्याच उरलेल्या तुकड्यावर धावते. एक्सप्रेस-वेने आम्हाला बाजूला टाकलं असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं. बाजूला पडायची सवय आम्हाला दीडशे वर्षांची आहे.

माझ्या लहानपणीचा घाट म्हणजे ट्रकची रांग आणि जळक्या ब्रेकचा वास. चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायचा. ट्रक निघाला की दगड तिथेच, मागून येणाऱ्याच्या नशिबी. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकायचे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा मला कधी सापडला नाही, पण हात मात्र मीही जोडतो.

२००२ मध्ये कळंबोली ते किवळे हा सुमारे ९४ किलोमीटरचा एक्सप्रेस-वे पूर्ण सुरू झाला. लांबचे ट्रक आणि गाड्या तिकडे वळल्या. रस्त्यावरच्या ढाब्यांना फटका बसला, काहींनी पाट्या उतरवल्या. लोणावळ्याच्या चिक्कीचं काही बिघडलं नाही, तिला गिऱ्हाईक शोधत येतं. एनएच-४ चा आकडाही बदलला, आता तो ४८ आहे, पण तोंडात अजून चारच बसलाय.

खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल ठाऊक असेल. नाव बामच्या जाहिरातीवरून पडलेलं, पूल १८३० च्याच रस्त्याचा. त्याचे खांब खालच्या वाहतुकीला नडत होते. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ते ओस होते, तेव्हा तो स्फोटाने पाडला.

बाकी रस्ता जिवंत आहे. एक्सप्रेस-वेवर दुचाकी, रिक्षा, बैलगाडी चालत नाही, त्या सगळ्यांना हाच. वडगाव, कामशेत, तळेगावच्या लोकांचा तर तो रोजचाच रस्ता. बाइकवर पुण्याला जायचं झालं तर मीही इथूनच जातो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मात्र नाव काढू नका. लोणावळ्यात इतकी कोंडी असते की जुन्या ट्रकच्या रांगा बऱ्या वाटतात.