क्रीडा-शंका : अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर आणि रिटर्नर

प्रश्न : मी परभणीला बी.ए.ला आहे, कबड्डीत चढाई करतो. डेव्हिन हेस्टर हा मुख्यतः रिटर्नर, म्हणजे समोरच्यांनी मारलेली किक झेलून पळत परत नेणारा खेळाडू. त्याला हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) जागा कशी मिळाली? आणि असे चपळ खेळाडू पुढे मोठे रिसीव्हर (पुढे पळून आपल्याच संघाची फेक झेलणारे) का होत नाहीत?

उत्तर : शिकागो बेअर्स संघाने हेस्टरला 2006 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या फेरीत घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने परतवलेल्या चेंडूंवर सहा टचडाउन केले, म्हणजे सहा वेळा चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचवला. त्यांतला एक 108 यार्डांचा होता. समोरच्यांचा फील्ड गोल (खांबांमधून चेंडू मारण्याचा प्रयत्न) हुकला, चेंडू स्वतःच्या एंड झोनमध्ये त्याच्या हाती आला आणि तिथूनच तो सुटला. 4 फेब्रुवारी 2007 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, इंडियानापोलिस कोल्ट्सची पहिलीच किक त्याने 92 यार्ड पळवत नेली. सामना सुरू होऊन तेव्हा 14 सेकंद झाले होते. शेवटी कोल्ट्सच 29-17 ने जिंकले, पण ती धाव आजही दाखवली जाते. पुढच्या मोसमात पुन्हा सहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्या पुढच्या दोन वर्षांत आहे. 2007 मध्ये बेअर्सने त्याला बचावातून काढून रिसीव्हर केलं आणि 2008, 2009 मध्ये तो संघाचा प्रमुख रिसीव्हर झाला. झेल 51 आणि 57, म्हणजे आकडे वाईट नाहीत. मात्र या दोन मोसमांत परतवलेल्या चेंडूंवर एकही टचडाउन नाही. आमच्या मते कारण साधं आहे. प्रमुख रिसीव्हरला सामनाभर जीव तोडून पळावं लागतं, मग पंटखाली (हातातून सोडून उंच मारलेल्या किकखाली) उभं राहताना पायांत ती धग उरत नाही. शिवाय आठवड्याचा सगळा सराव धावण्याचे ठरलेले मार्ग पाठ करण्यात जातो. 2010 मध्ये रिटर्नवर पुन्हा भर दिला गेला आणि लगेच तीन टचडाउन आले. 2014 मध्ये अटलांटाकडून खेळताना त्याने डिऑन सँडर्सचा 19 चा विक्रम मोडला. एकूण 20 : पंटवर 14, किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या किकवर) 5 आणि तो एक हुकलेला फील्ड गोल. रिसीव्हर म्हणून कारकिर्दीत 255 झेल, 3,311 यार्ड. तेवढ्यावर कुणी हॉल ऑफ फेममध्ये जात नाही. 2024 मध्ये तो गेला तो रिटर्नर म्हणूनच, आणि मुख्यतः रिटर्नर असलेला तो तिथला पहिलाच खेळाडू.

चढाई करणाऱ्याला हा फरक पटकन कळेल. चढाईत कधी झेपावायचं ते तुम्ही ठरवता, रिटर्नरचंही तसंच. रिसीव्हरला ती मुभा नसते. त्याचा मार्ग पावलांनी मोजलेला असतो आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) त्याने वळण्याआधीच चेंडू सोडतो. बारा यार्डांवर वळायचं असताना तो दहावरच वळला, तर चेंडू थेट बचावपटूच्या हातात जातो. कॉर्डरेल पॅटरसन इथेच अडकला. 2013 मध्ये पहिल्या फेरीत निवड, त्याच वर्षी 109 यार्डांचा किकऑफ रिटर्न, पुढे किकऑफवर 9 टचडाउनांचा विक्रम, पण रिसीव्हर म्हणून तो स्थिरावला नाही. अटलांटाने 2021 मध्ये त्याला रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन पळणारा) केल्यावर त्याचं खेळणं खुललं.

उलट उदाहरण स्टीव्ह स्मिथचं. उंची पाच फूट नऊ इंच, 2001 मध्ये कॅरोलायनाने तिसऱ्या फेरीत घेतला, पहिल्या सामन्यातली पहिलीच किक थेट टचडाउन. त्याने मार्ग घोटून घोटून शिकले. 2005 मध्ये झेल (103), यार्ड (1,563) आणि टचडाउन (12) या तिन्ही यादींत तो सगळ्यात वर होता. झेल आणि टचडाउनमध्ये बरोबरीने, यार्डांत एकटा.

संघात जागा कशी मिळते तेही लक्षात घ्या. संघ 53 जणांचा, त्यात रिसीव्हर साधारण पाच-सहा. पहिले दोन-तीन झेलांवर टिकतात. पाचव्या-सहाव्याने किक परतवली नाही किंवा किकच्या मागे धावून टॅकल केलं नाही, तर प्रशिक्षक त्याची जागा दुसऱ्याला देतात.

प्रश्न : उदगीरच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलं हातफेक बरी झेलतात, पण उंच पंट हमखास सोडतात. काय चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा दोन गोष्टी चुकतात. मुलं पाय थांबायच्या आधी हात पुढे करतात आणि चेंडू हातात यायच्या आत नजर समोरून येणाऱ्यांकडे वळवतात.

आधी चेंडू तपासा. मोठ्यांचा चेंडू 400 ग्रॅमच्या आसपास भरतो, हवा 12.5 ते 13.5 पीएसआय. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात मैदानावर पडून राहिला की तो टणक होतो आणि छातीवरून उसळतो. सावलीत ठेवा. पंपाला दाबमापक असेल तर सरावाआधी हवा मोजा. लहान मुलांना छोट्या मापाचाच द्या.

झेल असा : कोपरं बरगड्यांना चिकटलेली, तळवे वर, दोन्ही करंगळ्या जवळ, गुडघे किंचित वाकलेले. चेंडू पोटाच्या वरच्या भागावर येऊ द्यायचा आणि दोन्ही हातांनी कवेत घ्यायचा. कोपरं फाकली की चेंडू मधून निसटून पायावर पडतो, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मग टोकावर बोटं, दंड आणि बरगडीत चेंडू आवळलेला, आणि त्यानंतरच पहिलं पाऊल.

चेंडूचं नाक बघायला शिकवा. वर गेल्यावर नाक खाली वळलं तर तो लांब जातो, वरच राहिलं तर आखूड पडतो. मुलाने आधी खोल जाऊन पुढे येत झेलावं. मागे सरकत झेलणारा हमखास चुकतो.

पंट मारणारा नसेल तर पंधरा मीटरवरून दोन्ही हातांनी चेंडू उंच फेका. ते जमलं की मुलाच्या काखेत आधीच एक चेंडू द्या आणि दुसरा झेलायला लावा, पुढे दोन देऊन तिसरा. हात मोकळे नसल्यामुळे त्याला पायांनीच चेंडूखाली यावं लागतं.

झेलायचं की सोडायचं हेही शिकवायला हवं. टाचा स्वतःच्या 10 यार्ड रेषेवर ठेवायच्या, चेंडू डोक्यावरून गेला तर हात लावायचा नाही. तो एंड झोनमध्ये गेला तर आपल्याला स्वतःच्या 20 यार्ड रेषेवरून सुरुवात मिळते. अंगावर माणसं आली असतील तर एक हात डोक्यावर सरळ उंच करून हलवायचा, म्हणजे फेअर कॅच. मग अंगावर कुणी येऊ शकत नाही, पण पळताही येत नाही. चेंडूला नुसता पाय लागून तो निसटला तरी समोरच्यांना तो घेता येतो, म्हणून झेल नको असेल तर सोबत्यांना ओरडून लांब करायचं.

काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं, तिथे लांब स्टडच्या बुटांनी घोटा मुरगळतो. आखूड रबरी स्टड वापरा. पावसानंतर बुटांना चिखलाचे गोळे चिकटतात, त्या दिवशी वळणं घेऊ नका, फक्त झेल करा.

प्रश्न : बीडहून विचारतो. हल्ली किकऑफला सगळे पुतळ्यासारखे उभे का असतात?

उत्तर : 2024 पासून नियम बदलला. किक मारणारा स्वतःच्या 35 यार्ड रेषेवर, त्याचे दहा सोबती थेट समोरच्यांच्या 40 वर आणि परतवणाऱ्या संघाची पुढची फळी पाच यार्डांवर, 35 वर. चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत किक मारणारा आणि रिटर्नर सोडून कुणी हलायचं नाही. पूर्वी माणसं लांबून पूर्ण वेगात येऊन आदळत, डोक्याला इजा होत. ते टाळायला आधी किक परतवू न देण्याकडे कल गेला, इतका की फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परतवला गेला नाही. हवेतूनच एंड झोनमध्ये गेलेली किक तिथेच सोडली, तर 2024 मध्ये सुरुवात 30 वरून होत असे, 2025 पासून 35 वरून. त्यामुळे किक मारणाऱ्याला चेंडू मैदानात ठेवणं परवडू लागलं आणि रिटर्नरच्या कामाला पुन्हा किंमत आली.

प्रश्न : नांदेडची आई विचारते. मुलगी खो-खो खेळते, तिला हा खेळ शिकायचाय. इथून काही वाट आहे का?

उत्तर : आहे, फ्लॅग फुटबॉलची. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तो मंजूर झाला, महिला आणि पुरुष दोन्ही गटांत. पाच-पाच जण, टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढली की धाव संपली. यात किकच नसते, तेव्हा रिटर्नर होण्याचा सराव नको, रिसीव्हरचे मार्ग शिकू द्या.

मैदान 50 बाय 25 यार्ड आणि दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचे एंड झोन, म्हणजे फक्की मारायला साधारण 64 बाय 23 मीटर जागा पुरते. खो-खोतली हुलकावणी आणि अचानक थांबणं इथे थेट कामाला येतं. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी लागेल. पट्टीवर हात ठेवून ती झाकणं आणि उडी मारून सुटणं हे दोन्ही फाउल आहेत, स्वतःभोवती गिरकी घेतलेली चालते.