लाइप्झिगला निघताय, मुलगा सातवीत आणि मुंज राहिलीय

ताई, तुमचा मुलगा १२ वर्षांचा, ऑगस्टमध्ये लाइप्झिगला सातवीत बसणार. तिथे ख्रिस्ती धर्म शिकावा लागतो का आणि मुंज उरकूनच निघावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा-विम्याचं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडते. या विषयावर मात्र माझं डोकं अजून तापतं, तेव्हा थोडं लांबेल.

शाळेच्या प्रवेशअर्जात धर्माच्या तासाचा एक रकाना असतो. सॅक्सनीत, म्हणजे लाइप्झिग ज्या राज्यात आहे तिथे, त्यात साधारण तीन पर्याय: एव्हांगेलिश (प्रोटेस्टंट), काथोलिश (कॅथलिक), एथिक (धर्माऐवजी नीतिशास्त्राचा तास). ख्रिस्ती तासाची सक्ती नाही, पण तो नको तर एथिकला बसावंच लागतं आणि त्याचे गुण प्रगतिपुस्तकात येतात. रकाना कोरा सोडू नका, ‘एथिक’ स्वच्छ लिहा. मागाहून बदलायचं तर लेखी अर्ज आणि बहुधा पुढच्या सत्रापर्यंत थांबणं आलं.

एथिक म्हणजे मूल्यशिक्षणाचा फुकट तास नव्हे. गणित मोडक्या जर्मनवर निभतं; इथे मत मांडून त्याची कारणं लिहावी लागतात, नव्या पोरांचे गुण तिथेच घसरतात. त्यात हिंदू धर्माचा पाठ आला की जात, गाय, पुनर्जन्म यांवर गाडी अडते आणि अख्खा वर्ग आपल्या पोराकडे वळून बघतो. तेरा वर्षांच्या मुलाने शंभर कोटींहून जास्त लोकांच्या वतीने का बोलावं? हे मला आजही खुपतं. ‘हिंदू असं मानतात’ न म्हणता ‘आमच्या घरी असं करतात’ म्हणायला त्याला आधीच शिकवा.

पत्ता नोंदवताना नगरपालिकेच्या फॉर्मवरही धर्म विचारतात. तुम्हाला फरक पडत नाही. पण गोव्याकडचं कुणी ओळखीचं तिथे ‘काथोलिश’ लिहिणार असेल, तर आयकराच्या ९ टक्के चर्चचा कर पगारातून कापला जातो, हे कानावर घाला.

आता मुंज. उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी चातुर्मासात. ईस्टरची जेमतेम आठवडाभर. फेब्रुवारीत मात्र दोन आठवडे मिळतात, तेव्हा माघ-फाल्गुनातला मुहूर्त साधतो. सुट्टीला जोडून आणखी दोन दिवस मागितले तर शाळा सहसा नाही म्हणते, आणि न सांगता दांडी मारली तर दंड होऊ शकतो. ज्येष्ठातला मुहूर्त मिळत असेल तर उरकूनच निघा.

पण मुलाला विचारून. १९२१ च्या जर्मन कायद्याप्रमाणे १२ नंतर त्याच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्माचं शिक्षण देता येत नाही आणि १४ पूर्ण झाले की आपला धर्म तो स्वतः ठरवतो. सॅक्सनीत मग एथिक की धर्माचा तास, याची सहीसुद्धा त्याचीच. (बव्हेरिया राज्यात धर्माच्या तासातून स्वतः नाव काढायला १८ लागतात.)

आठवीच्या वसंतात खरी गंमत. चर्चवाल्या मुलांचं कॉन्फिर्मात्सिओन (प्रोटेस्टंट मुलांचा धर्मदीक्षेचा विधी) असतं, पण त्या भागात जोर युगेंडवायहेचा, म्हणजे मूल मोठं झाल्याच्या बिनधर्मी सोहळ्याचा. १९५५ पासून पूर्व जर्मनीच्या सरकारने तो चर्चला शह म्हणून रुजवला, मुलांकडून राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायचे. १९९० नंतर शपथ गेली, सोहळा राहिला: गाणी, भाषण, मुलांना गटागटाने मंचावर बोलावून फूल, प्रमाणपत्र, बहुधा पुस्तक. मग हॉटेलात जेवण आणि नातेवाइकांची पैशांची पाकिटं. देव नाही, मंत्र नाहीत, तरी आया रडतात. ते बघून मला धड आनंद होत नाही, धड रागही येत नाही.

आपल्या पोराला त्या दिवसांत एकटं वाटतं. त्यावर उतारा म्हणून महिन्यातून एकदा भरणारं मराठी मंडळ पुरत नाही. आपल्यालाही एकटं वाटतं, त्याचं काही करता येत नाही.

युगेंडवायहेला धर्म वा नागरिकत्वाची अट नाही, मुंज झालेली असली तरी चालतं. नावनोंदणी मात्र सातवीतच करावी, फी असते, आणि पाहुण्यांची तिकिटं मोजकी मिळतात. आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर तारीख हाती येताच त्यांच्या व्हिसाच्या मागे लागा.